आईचा चहा

तुम्ही चहा पाजताय, म्हणून आठवलं. माझ्या बायकोला, मीनलला, पाचवा महिना होता. लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं रक्त वाढेना. बाळाचं वजन भरणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या हिंदी बोलायच्या; त्यांनी मीनलला विचारलं, "गोली कैसे लेती हो?"

आईने अभिमानाने सांगितलं, "मैं खुद देती हूँ, चाय के साथ."

"माताजी, चाय से लोहा लगता ही नहीं! नींबू पानी से दीजिए."

आईचा चेहरा उतरला. घरात चहा बंद झाला. मी ऑफिसात प्यायचो; आई शेजारी पीत असेल, असं आम्ही धरून चाललो.

पुढे रक्त वाढलं. आईने डॉक्टरबाईंना हळूच विचारलं, "अब मैं चाय पी लूँ?"

"आपको किसने मना किया था?"

आई मराठीतच बोलून गेली, "माझ्या तोंडाला चहाचा वास आला असता, तर हिचा जीव तळमळला असता ना!"