पान पाचवरची पट्टी

दिगंबर : वाचतो, ऐक. ‘मी, सौ. शालिनी दिगंबर मुजुमदार, राहणार सेक्टर एकोणीस, चंदीगड, लिहून देते की कंपनीच्या कॅटलॉगवर दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवण्याचं काम…’

शालिनी : मी कधी लिहून दिलं?

दिगंबर : द्यायचंय. ‘…हे काम माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली झालं. सर्व दोन हजार प्रतींमध्ये पान पाचवर पट्टी…’

शालिनी : सोळाशे.

दिगंबर : पुरतं ऐकून तरी घे.

शालिनी : सोळाशे झाल्या. चारशे पट्ट्या छापखान्यातून आल्याच नाहीत. बिनपट्टीचे गठ्ठे तुम्हीच बांधलेत, याच टेबलावर.

दिगंबर : ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक.

(विनया दारात येते. हातात कॉलेजचं पुस्तक.)

विनया : हां आई, चार सौ बचे थे. मैंने ही गिने थे. बाबांनी बोला था, बाद में कर लेंगे.

दिगंबर : विनया, आत जा. वाच तुझं.

शालिनी : तिघं झालो.

दिगंबर : ‘मी, सौ. शालिनी…’

शालिनी : नऊ वर्षं तोच कॅटलॉग. फोन बदलला, लावा पट्टी. अंबाल्याचा एजंट गेला, लावा पट्टी. पट्टीवर पट्टी बसून पुस्तक मिटेना झालं. नवा का नाही छापला?

दिगंबर : मी दरवर्षी म्हणायचो. श्यामसुंदरजी म्हणायचे, आर्ट पेपर आहे, रंगीत फोटो आहेत, आपण सहा हजार छापलेत, ते काय रद्दीत घालू? सेल्सचे मॅनेजर तेच, कॅटलॉग पसंत केलेला त्यांनीच. गेल्या वर्षी स्टरिलायझरचं झाकण बदललं. जुनं बिडाचं होतं, वीस पौंड दाब सोसायचं. नवं पंधराच्या वर नेऊ नका म्हणून कारखान्यानं कळवलं, पान पाचवर मात्र वीसच छापलेलं. मी म्हटलं, साहेब, फोन नंबर बदलणं वेगळं आणि हे वेगळं. तर म्हणाले, मुजुमदारजी, पट्टी पट्टी होती है.

शालिनी : आणि ते चारशे?

दिगंबर : प्रदर्शन तोंडावर आलेलं. म्हणाले, भेज दो, कौन पढ़ता है.

शालिनी : लेखी?

दिगंबर : तोंडी. आता चौकशी लागल्यावर म्हणतात, मला आठवत नाही. म्हणतात, एक तर सगळीकडे पट्ट्या लागल्या होत्या, नाहीतर तुम्ही परवानगी न घेता बिनपट्टीच्या प्रती पाठवल्यात. दुसरं निघालं तर नोकरी गेली. नोकरीबरोबर हे क्वार्टर.

शालिनी : आणि पहिलं निघालं तर त्या नर्सचं काय?

दिगंबर : तिनं सूचना पाळली नाही, असं ठरेल.

शालिनी : पद्मिनी नाव आहे तिचं. केरळची आहे. मी गुरुवारी इस्पितळात जाऊन आले.

दिगंबर : तू गेलीस? कोणी पाहिलं तुला?

शालिनी : तिनं पाहिलं. एका डोळ्यानं.

दिगंबर : शालिनी…

शालिनी : दुसरा गेला. झाकण उडालं ते तोंडावरच. डेराबस्सीच्या त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरनं कामावरून काढलं तिला. मोडक्या हिंदीत सांगत होती, किताब में बीस लिखा था, मैं डरती हूं, इसलिए अठारह पे रोका. आपण कोण ते मी सांगितलं नाही. संत्री ठेवली आणि आले.

दिगंबर : कंपनी तिचं काहीतरी करेल. श्यामसुंदरजी म्हणालेत.

शालिनी : लेखी?

दिगंबर : तोंडी.

शालिनी : छान.

दिगंबर : मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. नगरला परत जाऊन काय करू? पोरीला मराठी धड बोलता येत नाही, तिला तिथे कुठल्या कॉलेजात घालू? आपण काही कोणाचा डोळा फोडायला बसलो नव्हतो. पट्ट्या लावत होतो.

शालिनी : बरं, तिच्या पुस्तकात पट्टी होती म्हणता. मग आता नाही ती कुठे गेली?

दिगंबर : फाडली असेल. निघाली असेल. इथल्या उन्हाळ्यात लूच्या गरम वाऱ्यानं सगळंच वाळून निघतं.

शालिनी : माझी नाही निघत. मैद्याची खळ, मोरचूद घालून शिजवलेली. ओढून काढली तरी हिरवट चौकोन राहतो कागदावर. तिच्या पुस्तकात तो नसणार. चौकशीच्या साहेबांना दिसेलच.

दिगंबर : पुस्तक तपासणीसाठी आमच्याकडे आलंय. सोमवारी आलं.

शालिनी : मग तर बघितलंच असेल तुम्ही.

दिगंबर : डाग आहे.

शालिनी : कसा असेल?

दिगंबर : आहे. पान पाचवर.

शालिनी : मंगळवारी वाटीभर खळ करून घेतलीत माझ्याकडून. पार्सलांना लेबलं लावायची म्हणालात.

दिगंबर : हो.

शालिनी : कोणी लावली?

दिगंबर : मीच. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. रात्रभर वाळू दिली, सकाळी ओढून काढली.

शालिनी : मी ढवळत होते तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. गुठळी होऊ देऊ नकोस म्हणालात.

दिगंबर : म्हणालो असेन.

शालिनी : मी सही करणार नाही.

दिगंबर : विचार कर.

शालिनी : केला. उद्या चौकशी आहे ना? मी येते. सोळाशे म्हणून सांगते. पुढे जे व्हायचं ते होईल. नगर तर नगर.

दिगंबर : तुला बोलावणार नाहीत.

शालिनी : सही नसली की बोलावतील.

दिगंबर : सही आहे.

शालिनी : कुठे?

दिगंबर : मूळ कागदावर. तो सकाळीच दिला. ही कार्बन कॉपी आहे.

शालिनी : मी तर केली नाही.

दिगंबर : तुझ्या पासबुकातली बघून मी केली. आता तू सोळाशे म्हणालीस, तर नुसती नोकरी जाणार नाही. पोलीस येतील.

शालिनी : मग मघापासून मला कशाला विचारताय?

दिगंबर : तू हो म्हणाली असतीस, तर ती तुझीच सही झाली असती.