पाटी पुसण्याची घाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय अर्जुनराव, व्यासपीठावरील डॉ. छायाताई, सत्कारमूर्ती गफ्फार सर, समोर बसलेल्या सरांच्या पत्नी मुबीनाभाभी आणि आपल्या रक्तपेढीतील सर्व सहकारी, आपणा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी धम्मशीला, सुलतानपूरची. सरांच्या निरोपाला एका कंत्राटी पोरीला बोलायला उभं केलंय, यात सरांचंच काही कारस्थान असावं.

कोणत्या रुग्णाला रक्ताची कोणती पिशवी चालेल हे सांगणारा सरांचा प्रोग्राम जुना, सी भाषेतला. काउंटरवरचा माझा नवा, पायथनमधला. दोघांना एकमेकांशी बोलतं करायचं, एवढंच काम होतं. एवढंच म्हणते खरी, पण जीव मेटाकुटीला आला. माझा प्रोग्राम विचारी, सरांचा उत्तर देई, आणि पडद्यावर कधी पिशवीचा नंबर दिसे, कधी नुसती कोरी चौकट.

कमिटी बसली. जुना प्रोग्राम इतकी वर्षं बिनचूक चालतोय, मग खोट कोणाची? सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझा करार वाढवायचा नाही, असं ठरतच आलं होतं. तेवढ्यात सर उठले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "पोरीची चूक नाही. मीच उत्तर देऊन लगेच पाटी पुसून राह्यलो. तिनं वाचावं कधी?"

त्याचं असं झालं होतं. सर शिकले तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी तुटपुंजी. काम झालं की जागा लगेच मोकळी करायची, ही त्यांची शिस्त. पण दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम उत्तर उचलून घेईपर्यंत ती जागा राखावी लागते. सरांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांची सवय त्याच दुपारी बदलली. कोरी चौकट पुन्हा दिसली नाही.

सर, सगळे ज्याचं कौतुक करत होते, त्यातली खोट भरसभेत दाखवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं? मले तर मुळीच नाही. मी सुलतानपूरची एसटी धरली असती आणि चूक माझीच होती, असं जन्मभर मानत राहिले असते. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. काही कमीजास्त बोलले असेन तर सभागृहाने पोटात घालावं. सर, तुमची मात्र माफी मागत नाही. तुम्ही तीही चूक स्वतःच्याच नावावर घ्याल.