रविवारचं घर

नर्स: चोर आहे तुमचं गृहमंडळ. घरं विकतं आणि झोप चोरतं. ठाऊक आहे त्यांना सगळं, म्हणून तर गिऱ्हाइकाला रविवारीच घर दाखवायला लावतात तुम्हाला.

दलाल: ताई, जरा हळू. शेजारी ऐकतील.

नर्स: ऐकू द्या. ऐकू येत असेल अजून त्यांना, तर ऐकतील.

नवरा: अगं, कुलूप काढल्या काढल्या भांडायला उभी राहिलीस. दुपारी सही व्हायचीय. आधी घर तर बघ नीट.

नर्स: बघितलं की रविवारी! टाचणी पडली तर ऐकू येईल, म्हणाले होते हे. आज टाचणी नको, कपाट पाडा. सकाळी बसमधून उतरल्यापासून काय चाललंय डोक्यावर?

दलाल: हवाई तळ आहे ताई, लष्कराचा. त्यात लपवायचं काय? रस्त्याला लागून कुंपण आहे, तुम्ही त्याच रस्त्यानं आलात.

नर्स: कुंपण दिसलं. कुंपण ओरडत नाही हो भाऊ. ओरडतं ते वर असतं, आणि ते रविवारी सुट्टीवर जातं.

दलाल: सराव असतो त्यांचा रोज, देशासाठीच ना तो. त्यांनाही एखादा दिवस नको का?

नर्स: हवा ना. आणि बरोबर तोच दिवस तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवता. पाहुणे यायच्या दिवशी सासरा दारू पीत नाही, तसं.

नवरा: पुरे गं.

नर्स: काय पुरे? पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की नाही यांना? मी रात्रपाळीची नर्स. तुम्ही रात्रभर बेकरीत भट्टीपुढे. आम्ही दिवसा झोपणारी माणसं. आम्हाला चार खोल्या नकोत, बाग नको. सकाळी दार लावून दुपारपर्यंत मेल्यासारखं पडता येईल, एवढी एक खोली द्या. सांगितलं होतं का नाही भाऊ?

दलाल: सांगितलं होतंत.

नर्स: मग?

दलाल: मग शांत वसाहत दाखवली तुम्हाला. वेशीवरच्या मंडळाच्या पाटीवर तसंच लिहिलंय, ताई. मी माझ्या पदरचं काही बोलत नाही.

नर्स: मला रविवारीच शंका आली होती. स्वयंपाकघरात उभे होतात तुम्ही. म्हणालात, 'नळाला पाणी अगदी...' आणि बंद पडलात. बोट नळाकडे, तोंड उघडं. बऱ्याच वेळानं म्हणालात, 'भरपूर.' मला वाटलं, माणसाला झटकाच आला.

नवरा: नाडी धरली होती हिनं तुमची!

दलाल: मला वाटलं, नर्सबाई आहेत, सवय असेल.

नर्स: नाडी घोड्यासारखी होती. आणि त्याच वेळेला भिंतीपलीकडची म्हातारी सुनेला शिव्या घालत होती, तीसुद्धा शिवीच्या मध्यावर थांबली. इकडे तुम्ही मुके, तिकडे ती मुकी. मग तिनं उरलेली शिवी पूर्ण केली आणि तुम्ही पाणी. आकाशात चिमणी नव्हती. घरी जाऊन डोकं खाजवलं मी, ही धडधाकट माणसं एकदम का विझतात म्हणून.

दलाल: रोज त्या वेळेला मोठं विमान जातं. जीभ आपोआप थांबते हो. रविवारी नसतं, पण जिभेला वार कुठे कळतो?

नवरा: बघ! म्हणजे सवय होते माणसाला. मी तेच म्हणतोय तुला केव्हाचा.

दलाल: अगदी बरोबर, दादा. आमच्या शाळेतली पोरं बघा तुम्ही. वाचताना विमान आलं की ओळीवर बोट ठेवून गप्प बसतात. गेलं की त्याच शब्दापासून पुढे. एक अक्षर सुटत नाही.

नर्स: आणि याचं कौतुक सांगताय? शी! आमच्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. काही दिवसांनी त्याला त्या कळेनाशा होतात. त्याला आम्ही सवय म्हणत नाही भाऊ. मांस कुजलं म्हणतो.

दलाल: जेवायची वेळ होत आलीय, असं बोलू नका.

नर्स: अहो, तुम्ही या इकडे. झोपायच्या खोलीतल्या खिडकीवरून बोट फिरवा.

नवरा: धूळ आहे. बंद घर आहे, असणारच.

नर्स: धूळ चिकटते का अशी? वास घ्या.

नवरा: ...रॉकेलसारखा येतोय.

नर्स: ते रोज फुप्फुसात जाणार. आता खाली बघा, आधीच्यांनी टाकून गेलेल्या पलंगामागच्या फटीत. मघाशी मी बोट घातलं नि काय निघालं? कापसाचे बोळे. पिवळे, मळ लागून कडक झालेले. कुणाच्या तरी कानातले. मूठभर! मंडळानं भिंतींना रंग दिला, पण हे काढायला कुणाच्यानं हात घालवला नाही.

नवरा: टाक ते. टाक आधी. हात धू.

नर्स: धुते. पाणी भरपूर आहे ना!

दलाल: ताई, आधीचे लोक जरा गचाळ होते. त्यावरून घराला नावं ठेवू नका. आज सही केली नाहीत तर उद्या घर दुसऱ्याचं. रांग लागलीय. एवढ्या...

(विमान घरावरून जातं. काचा थरथरतात, वरून चुना सांडतो. नवरा दोन्ही कान दाबून भिंतीला टेकतो.)

दलाल: ...किमतीत दुसरीकडे कोंबड्यांचं खुराडं मिळत नाही.

नर्स: पाहिलंत? मला आवाज यायच्या आधी थांबले हे.

नवरा: पाहिलं. पण मी काय करू सांग. राहतोय ती खोली सोडतो म्हणून सांगून बसलोय आपण. मालकानं ती दुसऱ्याला कबूल केलीय. आणि तिथं तरी काय सुख होतं? खाली दिवसभर पत्रे ठोकतात. झोप नाही म्हणून डुलकी लागली नि माझा हात भट्टीच्या दारावर टेकला. कातडी सोलून निघाली, तूच पट्टी बांधलीस. पुढच्या वेळी तोंड टेकेल.

नर्स: म्हणूनच म्हणते. एका लोहाराच्या डोक्यावरून उठून दुसऱ्या लोहाराच्या पायाखाली झोपायला आलोय आपण.

नवरा: सगळं घर काही खिडक्यांचंच नाही. जिन्याखाली ती सामानाची खोली आहे. खिडकी नाही, दार जाड आहे. तिथं गादी टाकू. मी पडून बघतो.

नर्स: अहो, जाऊ नका तिथं. मी बघून आलेय.

नवरा: तुला सगळ्यातच घाण दिसते. बघू दे मला.

दलाल: बघू द्या ताई. दादांना व्यवहार कळतो.

नर्स: तुम्ही गप्प बसा. व्यवहार म्हणे! देशासाठी विमानं उडवायची, उडवा. मी कधी नाही म्हणाले? माझा सख्खा भाऊ शिपाई आहे. पण त्याच जागी घरं बांधा असं लष्करानं सांगितलं होतं का तुमच्या मंडळाला? तळ आधीचा का घरं आधीची?

दलाल: तळ. खूप आधीचा.

नर्स: आणि ही जमीन का पडून होती इतकी वर्षं?

दलाल: ...इथं कुणी राहणार नाही, असंच ठरलेलं होतं पूर्वी. मग स्वस्तात मिळाली मंडळाला.

नर्स: आणि मंडळाचे साहेब? ते कुठल्या गल्लीत राहतात?

दलाल: ते टेकडीच्या पलीकडे.

नर्स: तिकडे येतो का आवाज?

दलाल: नाही. टेकडी अडवते.

नर्स: वा रे वा. टेकडी साहेबांना, विमान आम्हाला. अहो! आलात का? काय झालं? असे काय उभे राहिलात?

नवरा: पडलो मी आत. दार लावून घेतलं. आवाज कमी येतो थोडा.

नर्स: मग?

नवरा: भिंतीवर डाग आहे एक. खाली, जमिनीलगत. तेलकट, काळा. मला वाटलं, ओल असेल. पडलो तर माझं डोकं बरोब्बर त्यावर आलं. दुसरीकडे सरकायला जागाच नाही तिथं. आधीचा माणूस तिथंच झोपायचा गं. एवढं घर घेतलं त्यानं आणि जिन्याखाली कुत्र्यासारखा झोपला. त्याच्या डोक्याचं तेल लागलंय माझ्या केसांना.

नर्स: या इकडे. वाका जरा. पुसते.

नवरा: नको हे घर.

दलाल: दादा, असं एकदम...

नवरा: नको म्हणालो ना! खोलीच्या मालकाचे पाय धरीन. नाहीतर बेकरीत पिठाच्या पोत्यांवर पडू दोघं. पण पैसे मोजून जिन्याखाली जाणार नाही.

नर्स: भाऊ, एक विचारते. खरं सांगा. तुमच्या घरात कुठे झोपता तुम्ही लोक?

दलाल: मी इथलाच आहे ताई. मागच्या गल्लीतला.

नर्स: ते नाही विचारलं मी.

दलाल: ...मोरीत. बायको दुपारी मोरी कोरडी करून घेते, सतरंजी टाकते. तान्ही पोर आहे. तिथं जरा डोळा लागतो तिचा. विमान आलं की ही तिच्या कानावर हात ठेवून बसते. बाकी काही करता येत नाही.

नर्स: आणि दर रविवारी चार कुटुंबांना तुम्ही हीच घरं दाखवता.

दलाल: नोकरी आहे ताई. मी नाही दाखवली तर दुसरा दाखवेल.

नर्स: फोन लावा तुमच्या साहेबांना.

दलाल: ते मीटिंगमध्ये असतील.

नर्स: लावा.

दलाल: माझ्या पोटावर पाय येईल.

नवरा: जाऊ दे गं. त्याचं लेकरू आहे लहान.

नर्स: म्हणूनच लावा म्हणते. भाऊ, बाकी तुम्ही काही बोलू नका. बाई डोक्यावर बसली, ऐकेना, असं सांगा आणि माझ्याकडे द्या.

दलाल: ...हॅलो, साहेब. हो, मीच. नाही, सही नाही झाली अजून. त्या नर्सबाई आहेत ना, त्या ऐकतच नाहीत. नाही साहेब, मी सांगितलं तसं. देशाचंही सांगितलं. त्यांना तुमच्याशीच... साहेब, ठेवू नका. ठेवू नका, साहेब. माझ्यासाठी एकदा ऐकून घ्या त्यांचं. देतो.

नर्स: नमस्कार साहेब. नाही, किंमत कमी करायला नाही फोन केला. घर नकोच आहे आम्हाला. तुमच्या पाटीवर शांत वसाहत लिहिलंय. ते लिहायच्या आधी तुमच्यातलं कुणी एक दुपार इथं झोपून बघितलं होतं का, एवढंच विचारायचंय. ...धोरण नका सांगू. धोरणावर गादी घालता येत नाही. इथं तान्ही पोर मोरीत निजते, साहेब. कुणाची ते सांगणार नाही मी, अशा पुष्कळ असतील. तिनं झोपायचं कुठं? ...हॅलो? आहात ना? श्वास ऐकू येतोय तुमचा. बोला. आत्ता वर काही नाहीये.