निरोगी गटातला बारावा

(कोलंबियातलं पास्तो शहर. विद्यापीठात पोटाच्या आजारांवरची प्रयोगशाळा, दुपार. पीएचडीनंतर डॉक्टर नूबियांच्या हाताखाली संशोधन शिकणारा एदिसन परवा बोगोतात होणाऱ्या नोकरीच्या मुलाखतीची उजळणी करतोय.)

नूबिया : थांब. निरोगी गटात वीस जण म्हणालास. पडद्यावर ठिपके एकोणीसच दिसताहेत.

एदिसन : एक नमुना खराब निघाला, डॉक्टर. बारा नंबरचा.

नूबिया : खराब म्हणजे? सांडला, नासला, की मांजरानं पळवला? बोगोताचे लोक असेच सोलतील तुला. नीट सांग.

एदिसन : त्याचे आकडे आजारी गटासारखे आले. कॅन्सरकडे झुकलेल्या जठरासारखे. निरोगी माणसात ते कुठून येतील? तुम्हीच शिकवलंत ना, निरोगी नमुना आजारी दिसला तर आधी कुपीवर संशय घ्या, माणसावर नंतर.

नूबिया : आणि मग पुन्हा तपासा, हेही शिकवलं होतं.

एदिसन : तपासला.

नूबिया : कधी?

एदिसन : गेल्या आठवड्यात. उरलेला तुकडा होता फ्रीझरमध्ये.

नूबिया : आणि?

एदिसन : तेच आलं.

नूबिया : आणि तू आठवडाभर मूग गिळून बसलास?

एदिसन : तो ठिपका ठेवला की माझा सगळा निष्कर्ष लंगडा पडतो. इतक्या वर्षांनी कुठे एक जागा निघालीय, डॉक्टर. म्हटलं, मुलाखत पार पडू दे, मग सांगू. मला नुसता नंबर दिसत होता. नावं तर तुमच्याकडे कुलपात.

नूबिया : निरोगी माणसं काय बाजारातून आणली होती आपण? जठराचा तुकडा द्यायला आपल्याच लोकांनी नळी गिळली होती. तूही गिळलीस.

एदिसन : म्हणून तर झोप लागत नाही. कुणाचा आहे तो?

नूबिया : बघते, थांब... अरे देवा.

एदिसन : माझा?

नूबिया : मार्लेनीचा.

एदिसन : आपल्या मार्लेनीचा? माझ्या शेजारी बसते ती?

नूबिया : मीच केली होती तिची तपासणी. कॅमेऱ्यात सगळं लख्ख दिसलं. म्हणाले, पोरी, तुझं पोट म्हणजे आरसा आहे.

एदिसन : मी सांगतो तिला.

नूबिया : तू कशाला? कुपीवर संशय घ्या, हे पोरांना मीच पढवत आलेय.

एदिसन : पण आठवडा मी दडपला, डॉक्टर. तुम्ही नाही.

मार्लेनी : काय हो, कुणी गेलं की काय? दोघांची तोंडं बघा! घ्या, गरम एम्पानादा आणल्यात. मी वाटेतच दोन हाणल्या. काय रे, डॉक्टरांनी पकडला ना तुझा ठिपका? खुशाल माझं नाव सांग. टाकून दे, कुणीतरी कुप्यांची अदलाबदल केली असेल, असं मीच म्हणाले होते, डॉक्टर.

एदिसन : अदलाबदल झाली नव्हती.

मार्लेनी : मग?

एदिसन : बस ना जरा.

मार्लेनी : मी तूकेरेसची आहे, बाबा. आमच्या डोंगरात एका घराआड एकजण पोटाच्या कॅन्सरनं गेलेला असतो. 'बस जरा' म्हटलं की काय ते कळतं आम्हाला. उभ्यानंच सांग.

एदिसन : तो नमुना खरा होता, हे मला आठवड्यापासून माहीत होतं. मुलाखतीपायी बोललो नाही. कुणाचा ते आत्ता कळलं. तुझा आहे, मार्लेनी. माझं चुकलं. फार चुकलं.

नूबिया : अजून हातात वेळ असेल, पोरी. उद्या सकाळीच मी स्वतः पुन्हा तपासते, आणि या वेळी—

मार्लेनी : एक मिनिट, डॉक्टर. एदिसन, माझा आहे हे तेव्हा माहीत असतं, तर टाकला असतास?

एदिसन : नाही. शपथेवर सांगतो, नाही.

मार्लेनी : मीही टाकू दिला नसता. दुसऱ्या कुणाचा तरी असेल असं वाटलं, म्हणून तर म्हणाले, टाक.