द्वारकाबाईंची विहीर

मंडळी, ऐका! दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून आपल्या पोटात दुखतं – त्यावर औषध काय? ओवा? हसू नका, खांबाला टेकलेल्या काकू!

खारवड म्हणून समुद्रकाठचं गाव. तिथं दोन जावा, घराला लागून घर. थोरल्या द्वारकाबाईंच्या परसात विहीर – पाणी कसं? शहाळ्यासारखं! अख्खं गाव घागरी घेऊन त्यांच्या दारी. आणि धाकटी शेवंता? तिची विहीर कुंपणापलीकडेच, पण जरा मचूळ! वीस वर्षं ती खिडकीतून बघायची – आज कोण कोण गेलं जाऊबाईंकडे!

अशात गावात कंपनी आली. उन्हावर वीज करायची, त्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा – जळताना धूर नाही असा वायू! पण पाणी घ्यायचं कुठलं? शेवंता पाणी समितीवर. कंपनीचे इंजिनिअर मुळेसाहेब तिला म्हणाले, "ताई, समुद्राचं पाणी गोडं करता येतं, पण खर्च थोडा वाढतो. गावात भरपूर पाण्याची विहीर आहे का?"

शेवंताचे डोळे असे लकाकले! "आहे की! आमच्या जाऊबाईंची. कधी आटतच नाही!"

द्वारकाबाई भोळ्या. म्हणाल्या, "गावाचं भलं होतंय ना? घ्या बघून."

तीन दिवस पंप धडधडला. पाणी खाली – आणखी खाली! खिडकीत शेवंता खूश. "आता बघू, कोण येतं घागर घेऊन!"

चौथ्या सकाळी तिनं चहा टाकला – दूध फाटलं! पुन्हा टाकला – पुन्हा फाटलं! आपल्या विहिरीचं पाणी जिभेला लावलं... मीठ! अहो, विहिरी वरून दोन, खाली पाणी एकच! गोडं उपसलं, तसा समुद्र आत शिरला!

तेवढ्यात दारात द्वारकाबाई. हातात कळशी – आपल्या विहिरीच्या तळाशी अजून गोडं राहिलेलं गढूळ पाणी निवळून आणलेलं. "शेवंता, हे सासूबाईंना ठेव. म्हातारीला खारं सोसायचं नाही."

शेवंताला वाटलं, या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं!

दुपारी ग्रामसभा भरली. शेवंता उभी राहिली. "ती विहीर मी दाखवली. पाणी जास्त म्हणून नाही – जाऊबाईंची म्हणून! माझा जळफळाट व्हायचा. पंप काढा! समुद्राचं पाणी घ्या. गोडं काढून उरलेलं जादा खारट पाणी खाडीत सोडू नका, कालवं मरतील – लांब, खोल पाण्यात न्या!"

मुळेसाहेबांनी मान खाली घातली, पंप निघाला. समुद्राचंच पाणी ठरलं. दोन पावसाळ्यांनी विहिरींतलं मीठ उतरलं.

आणि द्वारकाबाई? सभेतून उठून गेल्या त्या वर्षभर बोलल्या नाहीत. मग एकदा कुंपणावरून हाक आली – "शेवंता, पापड लाटायला येतेस का गं?"

मंडळी, पोटातलं ओठावर आणायला शेवंताला वीस वर्षं लागली. तुमच्या शेजारी आत्ता जो बसलाय ना – त्याच्याकडे बघा. मला सांगू नका. त्याला सांगा!