झनकभाऊ बाजाराले जात होते

समोर बसलेल्या मंडळींनो, मायबहिणींनो, आणि तिकडं लिंबाच्या सावलीत उभ्या असलेल्या भावांनो,

सरपंच साहेबांनी माइक हातात दिला, पण जीभ उचलून नाही राहिली. झनकभाऊले जाऊन आठवडा झाला नाही. मले अजून रडूही आलं नाही. घरी विचारतात, काऊन बोलत नाही? काय सांगू? आत काही हालूनच नाही राहिलं. धान कापल्यावर शेतातली बांधी पडून राहते ना, तसा पडून आहो.

तरी बोलतो. आज बोललो नाही तर झनकभाऊचं नाव खराबच राहील.

गावात काय बोलून राहिले, मले माहीत आहे. तुम्हालेही माहीत आहे. "पिऊन पडला, पिऊनच मेला." हेच ना? झनकभाऊ पीत होते, हे खरं. मोहाची पीत होते, गुत्त्यावरची पीत होते. घरची भांडी विकली, तेही तुम्ही पाहिलं. पण सोडली, ते तुम्ही पाहिलं नाही. कसं पाहणार? त्यांनी दाखवलंच नाही.

मीही पीत होतो. तुम्हाले माहीतच आहे, पण माइकवरून सांगितलं म्हणजे पक्कं झालं.

एका बाजाराच्या दिवशी गोरेगावले, भाजीवाल्यांच्या लायनीत झनकभाऊ मले भेटले. म्हणाले, "कुठं चालला गा?" कुठं चाललो ते मी खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "जा मंग. पण आधी अर्धा घंटा माझ्यासंग बस. नंतर अडवत नाही." आणि हातात एक रिकामी पिशवी दिली. मी म्हटलं, "हे कायले?" म्हणाले, "धर गा. कोणी विचारलं तर बाजाराले आलो म्हणायचं."

बाजाराच्या मागं एक खोली होती. सतरंजी, पाण्याचा माठ आणि माझ्यासारखीच पाच-सात माणसं. प्रत्येकाच्या बाजूले पिशवी. एक भाऊ तर दवनीवाड्याहून एसट्या बदलून येत होता, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. पाहा मंडळी, गुत्त्यावर जाताना आम्ही कोणाच्या बापाले भ्यालो नाही. सोडायले जाताना लपत होतो.

तिथं कोणी उपदेश केला नाही. एकेक जण सांगत होता, आज नाही घेतली. आजची गोष्ट, बस्स. मी अर्धा घंटा बसलो. मग शेवटपर्यंत बसलो. बैठक संपली तर बाजार उठत आला होता. झनकभाऊ उरलीसुरली वांगी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्या घ्यायचे आणि सगळ्यांच्या पिशव्या भरायचे. आम्हा सगळ्यांच्या घरी तीच वांगी. आमच्या घरची म्हणायची, "वांग्यानं जीव विटला, पण येऊ द्या. वांगी आली म्हणजे माणूस शुद्धीवर आला."

मी एकदा म्हटलं, "भाऊ, गावात सांगू ना तुम्ही सोडली म्हणून." ते म्हणाले, "नको गा. सांगितलं का लोक वाटच पाहत बसतात, आता कधी पडते म्हणून." म्हणून आम्ही चूप. भाऊ दर बाजाराले गेले, अंधार पडता पडता परत आले. आणि तुम्ही म्हणत होते, बाजाराले जाते म्हणजे घेऊनच येते.

गेल्या बाजाराले आम्ही खोलीत त्यांची वाट पाहून राहिलो होतो. भाऊ एसटी स्टँडच्या रस्त्यावर पडले होते. अर्धांगाचा झटका. तोंड वाकडं, शब्द लटपट. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं. ओळखीच्यांनीही पाहिलं. "झनक आहे. राहू दे. उतरली का उठेल." गाड्या बाजूनं काढल्या. शेवटी एका परगावच्या ऑटोवाल्यानं उचललं. त्याले झनकभाऊ कोण हे माहीत नव्हतं, म्हणून उचललं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

मी रागानं बोलून नाही राहिलो. राग येऊनच नाही राहिला. झालं तसं सांगून राहिलो.

दवाखान्यात वहिनी आल्या. रडल्या नाही. खाली वाकल्या आणि भाऊच्या तोंडाचा वास घेतला. मले वाटलं, वहिनीले काय झालं? मंग समजलं. लग्न झाल्यापासून हा माणूस घरी आला का ही बाई पहिले तोंडाचा वास घेत होती. भाऊनं सोडल्यावरही सवय सुटली नाही. भाऊ हसत हसत स्वतःच तोंड पुढं करायचे. तशाच वाकल्या. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "भाऊजी, वास नाही येत. कोरडे गेले. गावाले एवढं सांगा."

सांगितलं, वहिनी.

आता मंडळी, माझं एक मागणं आहे. रस्त्यात कोणी पडलेला दिसला, तर पिला का नाही पिला, हे नंतर पाहा. आधी उचला. पिऊन असला तरी उचला. त्याचीही घरी कोणी वाट पाहून राहिली असेल.

आणि ज्याले सोडायची आहे, त्यानं बाजाराच्या दिवशी दुपारी या. भाजीवाल्यांच्या मागची खोली. मी राहीन.

झनकभाऊ, तुम्ही सांगू नको म्हटलं होतं. तुमचं ऐकलं नाही. हात जोडतो.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. झनकभाऊबद्दल या गावात पुष्कळ बोलून झालं.