फुटबॉल लिलीचा कांदा

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी पिशवी उघडून शेजारच्या बाईंना दोन कांदे दाखवले. दोन्ही सारख्याच आकाराचे होते, पण खायचे नव्हते.

“बाय, यातला फुटबॉल लिलीचा कंचा गो?”

“फुलाशिवाय कसं ओळखणार, आजी? दुसरा कसला आहे?”

“पांढऱ्या लिलीचा. लाल फुटबॉलवाली आमच्या ह्यांनी लावलेली, गेले त्याच साली. घर पाडलं तवा दोनी कांदे काडून आनले. कागद गुंडाळून खुना केल्या व्हत्या. सुनेनं कागद फेकले नि हे दोनी खायच्या कांद्यांच्या टोपलीत टाकले.”

“अगंबाई! विषारी असतात ते!”

“तेच वरडले. तं म्हनते, एकच कुंडी ठेवा, खिडकीत जागा नाय.”

“मग एकाच कुंडीत दोन्ही लावा की.”

“चालंल?”

“चालेल. मे महिन्यात लाल चेंडू उमलेल, तो तुमच्या यजमानांचा.”

“मंग मे मदे येशील हितं? कुंडी घेऊन येईन दाखवाया.”

“मी नुसता चष्म्याचा नंबर काढायला आलेय, आजी. सुनेला दाखवा ना.”

“तिला? ती म्हनंल, कांद्याला फूल आलं.”